प्रोसेसर डिझाईन आणि चिप टेस्टिंगमध्ये रिसर्च करायचाय? कुठून सुरू करायचं ते सांगतो

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, चिप डिझाईनमध्ये रिसर्च करायचाय, कुठला कोर्स लावू, सर्किट लिहायची व्हेरिलॉग भाषा शिकू की पायथन. मी उलट एकच विचारतो, तू बनवलेलं सर्किट चुकलेलं असेल तर तुला ते कळणार कसं? समोरचा जरा वैतागतो कारण त्याला टूलचं नाव हवं असतं. पण खरं सांगू, या लाईनमध्ये जे टिकलेले बघितलेत ते सगळे याच प्रश्नात रमणारे आहेत, मग डिझाईनवाले असोत की टेस्टवाले. म्हणून खाली मी डिझाईन आणि टेस्टिंग असे दोन वेगळे रस्ते दाखवत बसलेलो नाही, दोन्ही एकदमच धरायचंय. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरची डिग्री चालू आहे किंवा नुकतीच झालीये आणि पुढे मास्टर्स-पीएचडीचा विचार आहे असं धरून लिहितोय.

पायरी १: तीन शब्दांचा घोळ आधी मिटवा

व्हेरिफिकेशन, टेस्टिंग, व्हॅलिडेशन. बोलताना लोक तिन्ही एकच असल्यासारखे वापरतात आणि इंटरव्ह्यूत नेमके तिथेच अडकतात. व्हेरिफिकेशन म्हणजे चिप बनायच्या आधी, मुळात डिझाईनच बरोबर आहे का ते बघणं. टेस्टिंग म्हणजे फॅबमधून, म्हणजे चिपच्या फॅक्टरीतून, बनून आलेली प्रत्येक चिप त्या डिझाईनसारखी बनलीये का, कुठे धुळीचा कण बसून तार तुटली नाही ना, दोन तारा एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, ते बघणं. व्हॅलिडेशन या दोघांच्या मधलं, पहिल्या थोड्या चिप हातात आल्या की बोर्डवर बसवून खरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची आणि सिम्युलेशनमधून निसटलेल्या डिझाईनच्या चुका शोधायच्या.

फरक डोक्यात पक्का बसवायला १९९४ चं इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचं प्रकरण चांगलं आहे. थॉमस नाईसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते आणि त्यांची बेरीज जुळेना. शोधत शोधत ते प्रोसेसरच्या भागाकारापर्यंत पोचले. नंतर गाजलेलं उदाहरण असं की ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं तिथे १.३३३७३ येत होतं. भागाकारासाठी चिपमध्ये जे टेबल होतं त्यातल्या ५ नोंदी राहून गेल्या होत्या, आणि इंटेलला हे ४७.५ कोटी डॉलरला पडलं. आता सांगा, फॅक्टरीतल्या टेस्टने ही चूक पकडली असती का? नसती. कारण टेस्टला 'बरोबर उत्तर' म्हणून जे दिलं जातं ते डिझाईनमधूनच काढलेलं असतं, आणि प्रत्येक चिप त्या चुकलेल्या डिझाईनची हुबेहूब नक्कल होती, म्हणजे टेस्टच्या नजरेतून एकदम चोख माल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि एक, टेस्टिंगमध्ये शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. एकाच वेफरवर, म्हणजे चिप ज्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर, शेजारी शेजारी असलेल्या दोन चिपमधली एक चांगली आणि एक फुकट गेलेली असू शकते, म्हणून प्रत्येक शीत वेगळं चेपून बघावं लागतं, आणि तेही पटापट, कारण टेस्टर मशीन प्रचंड महाग आणि रांगेत चिप भरपूर. या घाईमुळेच इथे रिसर्चला इतकी जागा आहे.

पायरी २: पाया, पण वर्षभर नुसता पायाच खणत बसू नका

डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, लिनक्सची सवय, सी++ किंवा पायथन यातलं एक नीट. गणितात बूलियन अल्जेब्रा, ग्राफ आणि प्रॉबॅबिलिटी. ट्रान्झिस्टर आतून कसा चालतो हे ढोबळ माहीत असलं तरी सुरुवातीला भागतं. बस्स, पुढचं करता करता येतं. सहा ऑनलाईन कोर्सची सर्टिफिकेट असलेली आणि एकही सर्किट स्वतः न मोडलेली मुलं मी खूप बघितलीत.

पायरी ३: स्वतःचा एक छोटा प्रोसेसर बनवा

रिस्क-फाईव्ह हे २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेलं खुलं इन्स्ट्रक्शन सेट आहे, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी, त्याचा आरव्ही३२आय हा मूळ भाग घ्या, त्यात फक्त ४० इन्स्ट्रक्शन आहेत. आधी सिंगल सायकलवाला बनवा, म्हणजे एका क्लॉकमध्ये एक इन्स्ट्रक्शन पूर्ण, तो चालला की पाच स्टेजची पाईपलाईन करा, म्हणजे तेच काम फेच, डिकोड, एक्झिक्यूट, मेमरी, राईटबॅक अशा टप्प्यांत वाटून एकामागे एक इन्स्ट्रक्शन सोडायच्या. सिम्युलेशनला इकारस व्हेरिलॉग, व्हेरिलेटर, वेव्हफॉर्म बघायला जीटीकेवेव्ह, सिंथेसिसला म्हणजे कोडचे गेट बनवायला योसिस, सगळं फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

पहिला प्रोसेसर महिन्याभरात 'चालतो', मग पुढचे तीन महिने तो न चालण्याची कारणं सापडत राहतात. शिकायचं ते या तीन महिन्यांत. माझ्या पहिल्या पाईपलाईनची गोष्ट सांगतो. रिस्क-फाईव्हमध्ये एक्स-झिरो नावाचं रजिस्टर असतं, त्यात काहीही लिहिलं तरी वाचताना शून्यच यायला हवं. मी रजिस्टर फाईलमध्ये ते बरोबर केलं होतं, लिहूच द्यायचं नाही. सगळ्या टेस्ट पास. आणि मग एका प्रोग्रॅममध्ये जंप झाल्यावर लगेच एका रजिस्टरमध्ये ५ भरायचे होते तिथे २६५ आले. दोन दिवस मी मेमरीवर संशय घेत बसलो. झालं असं होतं की साधी जंप ही खरं तर 'परतीचा पत्ता एक्स-झिरोमध्ये लिही' अशी इन्स्ट्रक्शन असते, म्हणजे पत्ता फेकून द्यायचा. जंप २५६ वर होती, परतीचा पत्ता २६०. मी जंपचा निकाल डिकोड स्टेजलाच लावत होतो, त्यामुळे जंपनंतरची इन्स्ट्रक्शन एक्झिक्यूटला आली तेव्हा जंप अजून राईटबॅकमध्ये होती आणि माझ्या फॉरवर्डिंगच्या लॉजिकने, जे निकाल रजिस्टरमध्ये पोचायच्या आधीच मागच्या इन्स्ट्रक्शनला देतं, बघितलं की अरे याला एक्स-झिरो हवंय आणि त्यात कुणीतरी आत्ताच २६० लिहितंय, घे बाबा. ५ भरणं म्हणजे इथे 'एक्स-झिरो अधिक ५' करणं, त्यामुळे २६० अधिक ५, झाले २६५. रजिस्टर फाईल बिचारी निर्दोष होती, चुकीची किंमत तिच्यापर्यंत जातच नव्हती, वाटेतूनच पळवली जात होती. फॉरवर्डिंगमध्ये 'रजिस्टर शून्य नसेल तरच' एवढी अट टाकली आणि काम झालं.

यातून मला लागलेली सवय: टेस्ट लिहिताना 'ही इन्स्ट्रक्शन बरोबर चालते का' एवढं विचारून थांबायचं नाही, 'ही इन्स्ट्रक्शन त्या इन्स्ट्रक्शनच्या मागे इतक्या सायकलनी आली तर काय' हे विचारायचं. मग हाताने टेस्ट लिहिणं पुरत नाही हे आपोआप कळतं आणि रँडम इन्स्ट्रक्शन जनरेटर, रेफरन्स मॉडेलशी म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्या सॉफ्टवेअर नमुन्याशी ताडून बघणं, फॉर्मल व्हेरिफिकेशन म्हणजे गणिताने सिद्ध करणं या गोष्टी कशासाठी आहेत ते समजतं. आधी दुखणं, मग औषध, उलट क्रमाने शिकवलं की कंटाळा येतो.

पायरी ४: फॉल्ट सिम्युलेटर लिहा, आणि ही पायरी अजिबात गाळू नका

फॉल्ट सिम्युलेटर म्हणजे सर्किटमध्ये मुद्दाम बिघाड टाकून टेस्टला तो सापडतो का ते बघणारा प्रोग्रॅम. नव्या मुलांना सगळ्यात जास्त मी हेच करायला लावतो आणि सगळ्यात जास्त कुरकुरही इथेच ऐकतो. चिपमध्ये नेमकं काय बिघडेल याच्या शक्यता अगणित, म्हणून एक सोपं मॉडेल धरतात, एखादी तार कायमची शून्यावर किंवा कायमची एकवर अडकली आहे असं समजायचं. याला स्टक-ॲट फॉल्ट म्हणतात, १९५९ मध्ये एल्ड्रेड यांच्या पेपरपासून ही कल्पना चालत आलीये आणि खऱ्या बिघाडांशी ती पूर्ण जुळत नाही हे सगळ्यांना माहीत असूनही अजून टिकून आहे.

दोन इनपुटचं ॲंड गेट घ्या. तारा तीन, प्रत्येकीला दोन फॉल्ट, एकूण ६. इनपुट चार प्रकारे देता येतात पण लागतात फक्त तीन. दोन्हीकडे १ दिलं तर कुठलीही तार शून्यावर अडकली असेल ती पकडली जाते. ०१ दिलं की पहिला इनपुट किंवा आउटपुट एकवर अडकलेला सापडतो, १० दिलं की दुसरा. ००ची गरजच नाही. हे कागदावर करा, मग प्रोग्रॅमने करा.

आता मोठं काहीतरी. ३२ बिटच्या दोन संख्यांची बेरीज करणारा ॲडर. सगळी इनपुट देऊन बघायची म्हटली तर २ चा ६४ वा घात एवढी कॉम्बिनेशन्स, सेकंदाला १०० कोटी टेस्ट मारल्या तरी ५८० वर्षांच्या वर लागतील. आणि हे एका साध्या ॲडरचं! पण तोच ॲडर रिपल-कॅरी पद्धतीचा असेल, म्हणजे ३२ फुल-ॲडर एकापुढे एक जोडलेले, तर ८ पॅटर्न, म्हणजे एका वेळी द्यायच्या इनपुटचे ८ संच, पुरतात. आठच. कसं ते सांगतो. एका फुल-ॲडरला तीन इनपुट, म्हणजे ८ कॉम्बिनेशन्स. त्यातली सहा अशी आहेत की आत आलेला कॅरी म्हणजे हातचा जो आहे तोच बाहेर जातो, म्हणजे सगळ्या ३२ सेलना एकदम तेच इनपुट देता येतं, एका पॅटर्नमध्ये एक कॉम्बिनेशन सगळ्यांना मिळालं. उरलेली दोन, ००ला कॅरी १ आणि ११ला कॅरी ०, यात कॅरी उलटतो. मग एका सेलला हे, शेजारच्याला ते, असं आलटून पालटून द्यायचं, आणि दुसऱ्या पॅटर्नमध्ये अदलाबदल. सहा अधिक दोन, आठ. ॲडर ३२ बिटचा असो की १०२४ चा, पॅटर्न आठच राहतात. बारकाई एकच, यात एका वेळी एकच सेल बिघडलेला आहे असं धरलंय.

मला स्वतःला ज्या दिवशी हे समजलं त्या दिवशी टेस्टिंग म्हणजे दुय्यम काम हा समज गेला. ५८० वर्षं आणि ८ पॅटर्न यातलं अंतर पैशाने किंवा फास्ट मशीनने भरून निघत नाही, सर्किटच्या आत डोकावून भरतं.

सिम्युलेटर लिहिताना एक गंमत मुद्दाम करून बघा. तीन इनपुटचं सर्किट बनवा, आउटपुट म्हणजे 'अ आणि ब' किंवा 'अ नाही आणि क' किंवा 'ब आणि क'. तिसऱ्या ॲंड गेटचा आउटपुट शून्यावर अडकवा आणि आठही इनपुट देऊन बघा. फॉल्ट सापडणारच नाही. कारण ब आणि क दोन्ही १ असताना पहिल्या दोघांपैकी एक गेट १ देतंच, तिसरं बिघडलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. याला रिडंडंट फॉल्ट म्हणतात. तुमच्या सिम्युलेटरने या सर्किटवर १०० टक्के कव्हरेज, म्हणजे सगळे फॉल्ट सापडले असं, दाखवलं तर अभिनंदन करून घेऊ नका, तुमच्या कोडमध्ये बग आहे. माझ्या पहिल्या सिम्युलेटरने दाखवलं होतं, मी फॉल्ट टाकायचो पण पुढचा फॉल्ट टाकायच्या आधी तो काढायलाच विसरायचो, मग एकापेक्षा जास्त फॉल्ट एकदम पडून सगळंच 'सापडायचं'.

हे झालं की आयस्कॅस-८५ ची बेंचमार्क सर्किट घ्या, टेस्टिंगच्या पद्धती ताडून बघायला सगळे हीच वापरतात. सगळ्यात लहान सी१७, त्यात फक्त सहा नॅंड गेट. सी६२८८ हा १६ बिटचा मल्टिप्लायर, तो जरा घाम काढतो.

पायरी ५: जुने पेपर वाचा, आणि हातात पेन घेऊन वाचा

नवे पेपर आधी वाचायला घेतले की अर्धं डोक्यावरून जातं, कारण ते जुन्यांच्या खांद्यावर उभे असतात आणि कुणाच्या ते धड सांगत नाहीत. टेस्टिंगमध्ये १९६६ चा रॉथ यांचा डी-अल्गोरिदम, मग १९८१ चा प्रभू गोयल यांचा पोडेम, या दोन्हीत टेस्ट पॅटर्न आपोआप कसे काढायचे तो प्रश्न आहे. डी-अल्गोरिदम सर्किटच्या आतल्या तारांवर किंमती ठरवत बसतो आणि एक्सॉर गेट जास्त असले की भरकटतो, पोडेम फक्त इनपुटवरच निर्णय घेतो. एवढाच फरक, पण तो स्वतः कोड केल्याशिवाय जाणवत नाही. हेच गोयल पुढे गेटवे डिझाईन ऑटोमेशन या कंपनीचे संस्थापक, आणि तिथेच व्हेरिलॉग जन्माला आली, म्हणजे आज डिझाईनवाले जी भाषा लिहितात ती टेस्टवाल्याच्या घरची आहे. टेस्टवाल्यांना कमी लेखणारा कुणी भेटला की मी हे हमखास सांगतो.

प्रोसेसरच्या बाजूला इन्स्ट्रक्शन क्रम सोडून चालवण्यावरचा टोमासुलोचा १९६७ चा पेपर, ब्रँच प्रेडिक्शनवर, म्हणजे प्रोग्रॅम पुढे कुठल्या वाटेने जाईल याच्या अंदाजावर, १९८१ चा जिम स्मिथ यांचा, आणि त्याच विषयावर येह व पॅट यांचा १९९१ चा टू-लेव्हलवाला. प्रत्येक पेपर वाचल्यावर अर्ध्या पानावर तीनच गोष्टी लिहा, यांनी काय गृहीत धरलं, आकडा कशाच्या तुलनेत चांगला आहे, आणि ते गृहीत आज लागू आहे का. तिसऱ्यात बऱ्याचदा तुमचा पुढचा विषय दडलेला असतो.

पायरी ६: पायरी ३ मधल्या स्वतःच्या प्रोसेसरमध्ये स्कॅन घाला

चिपच्या आत एकेक बिट साठवणारे हजारो फ्लिप-फ्लॉप असतात आणि बाहेरून पिना मोजक्या. आतली स्थिती हवी तशी करायची कशी आणि वाचायची कशी? प्रत्येक फ्लिप-फ्लॉपच्या तोंडाशी एक मक्स, म्हणजे दोन इनपुटमधलं एक निवडणारं सर्किट, बसवायचा आणि टेस्ट मोडमध्ये सगळ्यांची एक लांब माळ करायची, एका टोकातून बिट ढकलायचे, एक क्लॉक नेहमीसारखा द्यायचा, दुसऱ्या टोकातून उत्तर बाहेर काढायचं. ही स्कॅन चेन. आयबीएमच्या आयकेलबर्गर आणि विल्यम्स यांनी १९७७ मध्ये मांडलेली एलएसएसडी ही पद्धत याच घराण्यातली.

छोटी स्क्रिप्ट लिहून ही माळ ओवा, मग हिशोब करा. १०,००० फ्लिप-फ्लॉपची एकच चेन केली तर एक पॅटर्न भरायला १०,००० क्लॉक. त्याच्या १०० चेन केल्या तर १०० क्लॉक, पण मग १०० पिना कुठून आणायच्या? इथून कॉम्प्रेशन, म्हणजे टेस्टचा डेटा दाबून थोड्या पिनांतून पाठवणं, आणि बिस्ट, म्हणजे चिपनेच स्वतःची टेस्ट करणं, हे विषय सुरू होतात. शिफ्ट करताना निम्मे फ्लिप-फ्लॉप एकदम उलटसुलट होतात, नेहमीच्या वापरात कधीच होत नाहीत इतके, वीज जास्त खेचली जाते, व्होल्टेज खाली बसतं आणि चांगली चिप टेस्टमध्ये नापास होते. म्हणजे टेस्टच चुकीची. आणि जी माळ आपल्याला आतलं सगळं दाखवते ती चोरालाही दाखवते, एन्क्रिप्शनची किल्ली स्कॅनमधून काढता येते हे २००४ मध्येच दाखवून झालंय. एका मक्समधून वेळ, पॉवर आणि सिक्युरिटी असे तीन रिसर्चचे विषय निघाले बघा.

मेमरीची टेस्ट वेगळी असते, मार्च सी-मायनस नावाचा अल्गोरिदम एकदा हाताने चालवा, प्रत्येक सेलमागे १० ऑपरेशन्स, एका संध्याकाळचं काम आहे.

पायरी ७: ९९ टक्के म्हणजे किती, हे अंगात भिनवा

कव्हरेज ९५ टक्के आलं की मुलं खूश होतात. परीक्षेत ठीक आहे ते. विल्यम्स आणि ब्राऊन यांचं १९८१ चं एक सोपं सूत्र आहे, यील्ड म्हणजे बनलेल्या चिपमधला चांगल्यांचा वाटा घ्या, त्याला '१ वजा कव्हरेज' एवढ्या घाताला चढवा आणि ते १ मधून वजा करा, टेस्ट पास होऊनही खराब असलेल्या चिपचा वाटा मिळतो. यील्ड ५० टक्के धरा. कव्हरेज ९५ टक्के असेल तर पास झालेल्या १० लाख चिपमध्ये साधारण ३४,००० खराब. ९९ टक्क्यांना ६,९०० च्या आसपास. ९९.९ ला सुद्धा ६९० उरतात. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या चिपला यातला एकही आकडा चालणार नाही. शेवटच्या अर्ध्या टक्क्यासाठी लोक पीएचडी का करतात ते इथे कळतं.

पायरी ८: विषय निवडताना

हॉट काय आहे ते विचारू नका, तुम्ही शिरेपर्यंत ते थंड झालेलं असतं. त्यापेक्षा अडलेलं काय आहे ते बघा. सध्या मला सगळ्यात सुपीक वाटणारी जागा म्हणजे मुकाट्याने चुकणारे प्रोसेसर. २०२१ मध्ये गूगल आणि मेटा दोघांच्याही इंजिनिअरांनी लिहिलं की त्यांच्या डेटासेंटरमध्ये काही कोर असे सापडले जे चुकीचं उत्तर देतात आणि कुठलाही एरर येत नाही. मेटाचं उदाहरण भारी आहे, १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक घ्यायचा, यायला हवा १५६, एका कोरवर येत होता ०. त्यामुळे फाईलचा साईज शून्य समजला गेला आणि फाईल गायब. ही चिप फॅक्टरीतल्या सगळ्या टेस्ट पास होऊन आली होती! हिला पकडायला डिझाईन, टेस्टिंग आणि सॉफ्टवेअर तिन्हीची माहिती लागते, म्हणूनच तिथे गर्दी कमी आहे.

याशिवाय चिपलेट, म्हणजे एका मोठ्या चिपऐवजी छोटे तुकडे जोडणं, कारण पाच तुकडे एकत्र पॅक केल्यावर त्यातला एक खराब निघाला तर पाचही गेले. एआय ॲक्सिलरेटरची टेस्ट, जिथे हजारो सारखेच मल्टिप्लायर असतात, वरच्या आठ पॅटर्नवाल्या ॲडरची आठवण ठेवा. आणि २०१८ मध्ये बाहेर आलेल्या स्पेक्टर-मेल्टडाऊन या प्रोसेसरमधल्या सिक्युरिटीच्या त्रुटींनंतर, प्रोसेसर फास्ट करायच्या युक्त्यांमधून माहिती कशी गळते तो सगळा प्रांत.

पायरी ९: गाईड

प्रोफेसरांचं नाव आणि पेपरची संख्या बघून भाळू नका. त्यांच्या हाताखालच्या दोन-तीन मुलांना वेगवेगळं गाठा आणि विचारा, शेवटचा पेपर रिजेक्ट झाला तेव्हा सर किंवा मॅडम काय म्हणाले? लॅबमध्ये खऱ्या टूलची लायसन्स आहेत का, कुठल्या कंपनीकडून खरा फेल झालेल्या चिपचा डेटा मिळतो का? टेस्टिंगमध्ये हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा, कारण यील्डचा डेटा कंपन्या जिवापाड लपवतात. मेल करताना बायोडेटाची लांबड लावण्यापेक्षा 'तुमच्या अमुक पेपरमधला प्रयोग मी सी६२८८ वर करून बघितला, माझा आकडा वेगळा आला, कोड जोडलाय' अशा चार ओळी पाठवा. उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त.

पायरी १०: आकड्यांवर, विशेषतः स्वतःच्या, विश्वास ठेवू नका

आर्किटेक्चरचा रिसर्च बहुतेक सिम्युलेटरवर चालतो, जेम५, चॅम्पसिम वगैरे. माझ्या एका प्रीफेचरने, म्हणजे पुढे लागणारा डेटा आधीच मागवून ठेवणाऱ्या लॉजिकने, वेगात ११ टक्के वाढ दाखवली होती. आठवडाभर मी हवेत. मग लक्षात आलं की एका प्रोग्रॅममध्ये, ज्यात मेमरीत रँडम पॉइंटरच्या मागे धावणं सोडून काहीच नव्हतं आणि ज्याला माझ्या प्रीफेचरचा फायदा होणं शक्यच नव्हतं, त्यातही ९ टक्के वाढ दिसतेय. कॉन्फिग फाईल कॉपी करताना माझ्या बाजूला शेवटची कॅश दुप्पट राहिली होती. ती सारखी केल्यावर वाढ उरली १.३ टक्के. पेपर गेला, इज्जत वाचली.

तेव्हापासून दोन नियम. आपली आयडिया बंद करून चालवायची, बेसलाईनशी सायकलचा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, एकाचाही फरक चालणार नाही. आणि जिथे फायदा होऊच नये असा एक प्रोग्रॅम मुद्दाम ठेवायचा. रोजची वही ठेवा, कुठली कमांड, कुठलं कॉन्फिग, कोडचं कुठलं व्हर्जन. सहा महिन्यांनी रिव्ह्यूअर ग्राफ क्रमांक ७ बद्दल विचारतो तेव्हा आठवणीवर भागत नाही.

पायरी ११: पेपर आणि कॉन्फरन्स

टेस्टिंगची मोठी जागा आयटीसी म्हणजे इंटरनॅशनल टेस्ट कॉन्फरन्स, १९७० पासून चालू आहे, शिवाय व्हीटीएस, ईटीएस, एटीएस. आर्किटेक्चरला इस्का, मायक्रो, एचपीसीए, ॲस्प्लॉस. पहिला पेपर थेट इस्काला पाठवून वर्ष घालवू नका, वर्कशॉपला पाठवा, लोक भेटतात, शिव्या कमी बसतात. रिजेक्ट झाला की रिव्ह्यू वाचून दोन दिवस बाजूला ठेवा. रिव्ह्यूअरला समजलं नाही असं वाटलं तर बहुतेक वेळा तुम्ही नीट लिहिलेलं नसतं, कधीकधी खरंच त्याने वाचलेलं नसतं, पण तो हिशोब मांडून हाती काही लागत नाही.

पायरी १२: एक तरी इंटर्नशिप टेस्टरजवळ करा

लॅबमध्ये फॉल्ट म्हणजे फाईलमधली एक ओळ. टेस्ट फ्लोअरवर तो वेफरच्या नकाशावर दिसतो, लाल ठिपके कडेला गोळा झालेले, किंवा एक सरळ रेघ, म्हणजे कुणीतरी ओरखडा पाडलाय. कुठल्या व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीला चिप पास होते ते दाखवणारा श्मू प्लॉट एकदा स्वतः काढून बघा. सकाळी पास झालेली चिप दुपारी नापास होते आणि शेवटी कळतं की प्रोब कार्डची, म्हणजे चिपला टेकणाऱ्या सुयांच्या बोर्डची, सुई घाण झाली होती, हे कुठल्याही पेपरात नसतं.

पीएचडीनंतर रस्ते बरेच आहेत, प्रोसेसर कंपनीत डीएफटी (टेस्ट करता येईल असं डिझाईन करणं) किंवा आर्किटेक्चरची टीम, टूल बनवणाऱ्या कंपन्या, डेटासेंटरवाल्यांचे हार्डवेअर ग्रुप, किंवा शिकवणं. इंटरव्ह्यू कुठलाही असो, कव्हरेजचा आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, जे फॉल्ट सुटले ते कुठले आणि का सुटले? टूलच्या रिपोर्टमध्ये ती यादी खाली असते आणि बहुतेक जण तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत. जाताना ती यादी बघून जा, त्यातले चार-पाच फॉल्ट सर्किटवर बोट ठेवून दाखवता आले पाहिजेत, हा रिडंडंट आहे, याला क्लॉकच पोचत नाही, आणि हा खरंच माझ्या पॅटर्नला सापडला नाही.